दूध आईचं, सवड कुणाची?

मुंबईत कापडगिरण्या होत्या, तशा कोलकात्याजवळच्या बराकपूर पट्ट्यात तागाच्या. दोन्हीकडे बायका राबल्या, आणि तान्ह्याला पाजायचं कधी, हा प्रश्न दोन्हीकडे होताच. प्रसूती लाभाचा कायदा मुंबई प्रांताने १९२९ मध्ये केला, बंगालने १९३९ मध्ये. म्हणजे आईला मिळणारा आधार ती कुठे राबते यावरही ठरत होता. म्हणूनच स्तनपान ही एकट्या आईच्या चिकाटीची बाब मानणं मला पटत नाही. पहिला चीक बाळाला रोगप्रतिकारक द्रव्यं देतो. सहा महिने वरचं पाणीसुद्धा लागत नाही. आईचाही लाभ आहेच: २००२ मधल्या ४७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी दिसला. ‘दूधच पुरत नाही,’ असं अनेकजणी सांगतात. काहींचं ते खरंही असतं, आणि तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचं दूध देण्यात कमीपणा कसला? पण बाळ ओढेल तसं दूध तयार होतं. रोज आठ-दहा तास पाजलंच नाही, तर ते कमी होऊ शकतं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा पाजण्याची सवड दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. नोकरदार मातांनो, ही सवड हक्काने मागून घ्या.