घाट चढणारं संगीत



पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, आणि थोड्या वेळाने मागून एक धक्का बसतो. पहिल्यांदाच या मार्गाने जाणारा माणूस दचकतो. कर्जतजवळच्या पळसदरीचं पोर दचकत नाही. बँकर, म्हणजे मागून रेटणारी इंजिनं लागली, एवढंच त्याला कळतं. पुढे बोरघाटाचा चढ आहे, ३७ फुटांना एक फूट. वेग उतरतो आणि आवाज वाढतो. रुळांचा, कपलिंगचा, मागून रेटणाऱ्या इंजिनांचा तो जड, खालच्या पट्टीतला घरघराट इथली मुलं पाळण्यात असल्यापासून ऐकतात. आजचा विषय त्या आवाजाच्या नात्यातला आहे. त्याला डूम मेटल म्हणतात: रॉक संगीतातला सगळ्यात संथ, सगळ्यात वजनदार प्रकार. त्याची सुरुवात ब्लॅक सबाथ नावाच्या बँडपासून झाली, आणि त्या बँडची सुरुवात कारखान्यांच्या वस्तीत.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम म्हणजे लोखंडाचं, पत्र्याचं, मोटारींच्या सुट्या भागांचं गाव. खोपोलीच्या कारखान्यांत पाळीला जाणारे वडील किंवा मामा ज्यांच्या घरी आहेत, त्यांना ते गाव वेगळं समजावून सांगायला नको. तिथे १९६५ मध्ये टोनी आयोमी नावाचा १७ वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करत होता. गिटार उत्तम वाजवायचा. एका बँडबरोबर परदेश दौरा ठरला होता, म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला, तेव्हा परत जाऊच नये असं त्याच्या मनात होतं. हातातलं काम पुरं करून ये, म्हणून आईने पाठवलं. त्या दिवशी प्रेसवरचा कामगार आला नव्हता. टोनीला त्या जागी उभं केलं गेलं. प्रेस खाली आली आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली.

टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा त्याचा हात उजवा, आणि नेमका तोच कामातून गेला. डॉक्टरांनी गिटारचा नाद सोडायला सांगितलं. तेव्हा कारखान्यातला मुकादम एक रेकॉर्ड घेऊन घरी आला. ती जँगो राइनहार्टची होती. १९२८ मध्ये आगीत भाजून जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, आणि तरी तो युरोपातला नावाजलेला जॅझ गिटारवादक झाला होता. असे मुकादम या जगात अजून हवे आहेत.

मग टोनीने काय केलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं संगीत त्यातून आलं. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली त्याने वितळवली, गोळा केला, त्याला बोटाच्या टोकासारख्या टोप्यांचा आकार दिला, घासून गुळगुळीत केला. प्लास्टिक तारेवरून घसरायचं, म्हणून जुन्या चामडी जाकिटाचा तुकडा वरून चिकटवला. पण टोपीतून तार जाणवत नाही. किती दाबायचं ते कानाने ठरवावं लागतं. जाड तारा तर दाबल्याच जाईनात. म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या, आणि काही वर्षांनी तारा सैलही केल्या. तार सैल केली की स्वर खाली उतरतो, हे पेटी-तंबोऱ्याच्या घरात वाढलेल्यांना ठाऊकच आहे. त्याच्या ब्लॅक सबाथ बँडच्या १९७१ मधल्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममध्ये काही गाण्यांना गिटार दीड स्वर खाली उतरलेली आहे, आणि बासही तिच्यासोबत उतरला आहे. आज जगभरचे डूम बँड गिटार खाली लावतात. त्यातल्या कितीतरी धडधाकट बोटांना ठाऊक नसेल, की ही सवय एका जखमी हाताची आहे.

बँड जमला १९६८ मध्ये. टोनी, बासवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी ऑस्बोर्न. ऑझीने कत्तलखान्यात काम केलं होतं, मोटारींचे हॉर्न तपासायच्या कारखान्यातही केलं होतं. सुरुवातीला ही मुलं इतरांसारखंच ब्लूज वाजवत. एका जुन्या भयपटाच्या नावावरून त्यांनी बँडला ब्लॅक सबाथ हे नाव दिलं आणि त्याच नावाचं गाणं रचलं. त्या गाण्याची मुख्य सुरावट तीन स्वरांची आहे. शाळेच्या पेटीवर वाजवून बघा. पांढरी एक हा सा धरा. सा, मग वरचा सा, मग खाली येऊन काळी तीन, म्हणजे तीव्र मध्यम. प्रत्येक स्वर धरून ठेवायचा, पुढच्याची घाई करायची नाही.

युरोपात सा आणि तीव्र मध्यमाच्या या अंतराला सैतानाचं अंतर म्हणायची जुनी रीत आहे. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनमध्ये येतो, मारव्यात येतो, पूरियात येतो, आणि संध्याकाळ होते. तो आपल्याला भीतीचा वाटत नाही, हुरहुरीचा वाटतो. संथपणाचंही तसंच. गायक अमीर खाँसाहेबांनी अतिविलंबित झुमरा तालात ख्याल मांडला. दोन मात्रांमधली जागा त्यांनी इतकी मोठी केली, की ऐकणाऱ्याला तीत बसता यावं. विलंबित ऐकलेल्या कानाला डूम मेटल परकं वाटायचं कारण नाही. गोंगाट वेगळा आहे, धीर तोच आहे.

ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम साधारण एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला आला. तो पाऊस, गडगडाट आणि घंटेने सुरू होतो. आपल्या जुलैतल्या रात्रीसारखा. त्याच वर्षी ‘पॅरानॉइड’ आला आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. मग प्रसिद्धी, पैसा, व्यसनं. ‘सबाथ ब्लडी सबाथ’ (१९७३) मध्ये त्यांनी सिंथेसायझर आणि वाद्यवृंद आणला, आवाज रुंद केला. १९७९ मध्ये ऑझीला काढलं. रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० च्या ‘हेवन अँड हेल’ने बँड वेगळ्याच दिमाखात उभा राहिला. नंतर बरीच वर्षं माणसं येत-जात राहिली; टोनी मात्र कायम. १९७० नंतर त्यांचा अल्बम इंग्लंडमध्ये पुन्हा पहिला आला तो थेट २०१३ मध्ये.

त्यांच्या संथ गाण्यांतूनच पुढे डूम मेटल नावाची वेगळी शाखा फुटली. अमेरिकेत सेंट व्हायटस आणि ट्रबल, स्वीडनमध्ये कँडलमास. स्लीप या बँडने तर तासाभराचं एकच गाणं केलं.

आणि महाराष्ट्रात? मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला, मत्स्य, कूर्म, वराह अशी गाणी असलेला. पण त्यांची जात वेगाची. संथ वाटेने गेला तो पुण्याचा डर्ज. या इंग्रजी शब्दाचा अर्थ शोकगीत. २०१८ मध्ये त्यांचा ‘आ पुच’ आला. हे माया संस्कृतीतल्या मृत्युदेवतेचं नाव. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या मुलांनी मध्य अमेरिकेतल्या एका उद्ध्वस्त संस्कृतीचा शोक मांडला, याचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. २०२२ मध्ये दुसरा अल्बम आला, त्याला त्यांनी बँडचंच नाव दिलं. लांबलचक गाणी, चिखलातून पाऊल उपसावं तशी चाल, घशाच्या तळातून येणारा आवाज. असं संगीत लग्नात वाजत नाही, रिंगटोन होत नाही. ते वाजवायला दिवसाची नोकरी सांभाळून रात्री सराव करणारी माणसं लागतात. आज इथे बसलेल्या, नाटकाच्या तालमीसाठी महिनाभर शाळेत थांबलेल्या मुलामुलींना हे वेगळं सांगायला नको.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात ब्लॅक सबाथचे चौघे मूळ साथीदार पुन्हा एकत्र आले, वीस वर्षांनी. मैदान त्यांच्याच वस्तीतलं; लहानपणी ऑझी सामन्याच्या दिवशी तिथे प्रेक्षकांच्या मोटारी राखून चिल्लर कमवायचा. आता त्याला पार्किन्सन्स होता, उभं राहता येत नव्हतं. तो खुर्चीत बसून गायला. कार्यक्रमाचं उत्पन्न पार्किन्सन्सवरच्या संशोधनाला, मुलांच्या रुग्णालयाला आणि आजारी मुलांच्या सेवाकेंद्राला जाणार होतं. सतराच दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

कार्यक्रमाच्या रात्री त्याच्या बाजूला टोनी उभा होता, ७७ वर्षांचा. उजव्या हाताच्या दोन बोटांवर टोप्या होत्या.