पाणी ओळखून होडीत बसू या



मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब आटोपल्यावर एका काकूंनी विचारलं, "मुलगी-जावई फाल्गुनात ऋषिकेशला जायचं म्हणतात. तिथं उसळत्या नदीत होडीत बसणार, नातवंडांनाही नेणार. जाऊ द्यावं का?" दोघी-तिघी लगेच म्हणाल्या, "नको गं बाई, पाण्याशी खेळ नको." एक म्हणाली, "जग जातंय, तुम्हीही जा." या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. आधी ते पाणी समजून घ्यावं लागतं. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

या खेळात दोन प्रकारच्या होड्या असतात. राफ्ट म्हणजे हवा भरलेली रबरी होडी. तिच्यात सहा-आठ जण वल्ही घेऊन बसतात आणि मागे वाटाड्या असतो. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी. पाय आत घालून बसायचं, कमरेभोवती पाणी आत न येणारं कापड ताणून लावायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. कयाक उलटली तर आत बसल्या बसल्या अंगाला झोला देऊन ती सरळ करावी लागते. ते शिकायला संथ पाण्यात बरेच दिवस सराव लागतो. कयाक मूळची बर्फाळ उत्तरेकडच्या इन्युइट लोकांची. पुरुष तिच्यातून शिकारीला जात, पण तिच्यावरचं सीलचं कातडं शिवायच्या बायका. सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, अर्ध्या जाडीतच टाका घालायचा, म्हणजे थेंबभर पाणी आत येत नाही. दर्यात गेलेल्या माणसाचा जीव घरच्या बाईच्या टाक्यावर असायचा!

आता नद्यांकडे येऊ. हिमालयात अलकनंदा आणि भागीरथी देवप्रयागला भेटतात आणि तिथून पुढे गंगा हे नाव लागतं. तिथले लोक खळाळत येणाऱ्या भागीरथीला सासू म्हणतात आणि शांत येणाऱ्या अलकनंदेला सून. फाल्गुन-चैत्रात आपल्या नद्या आटतात, तेव्हा तिकडे वरचं बर्फ वितळायला लागतं. म्हणून तिथं वसंतात होड्यांचा हंगाम असतो आणि पावसाळ्यात तो बंद ठेवतात. बर्फाचं पाणी हाडं गोठवणारं असतं. पोहता येणाऱ्या माणसाचेही हातपाय थोड्या वेळात गारठतात. शिवाय भागीरथीवर टिहरीचं मोठं धरण आहे. वीज तयार करताना पाणी सोडतात, तेव्हा खालची पातळी वाढते. सकाळी पाहिलेला काठ दुपारी तसाच असेल असं धरून चालू नये.

उसळत्या पाण्याला एक ते सहा अशी श्रेणी देतात. एक म्हणजे नुसत्या लहरी, सहा म्हणजे जिवावरचं. ऋषिकेशजवळ ब्रह्मपुरीपासूनचा टप्पा छोटा आणि सौम्य आहे. शिवपुरीपासून लाटा मोठ्या होतात. कौडियालाकडून सुरू होणारा टप्पा त्याहून अवघड. उत्तराखंडात १४ वर्षांखालच्या मुलांना राफ्टिंगला परवानगी नाही. तेव्हा लहान नातवंडं काठावर आजीजवळ थांबतील. कुणी "चालतंय, बसवा" म्हणालं तर त्याच्याकडे जायचंच नाही.

आपल्याकडे रायगडात कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्ट चालतात. तिथं बर्फ नाही, मग उन्हाळ्यात पाणी कुठून येतं? मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि पुढे कुंडलिकेत येतं. सकाळी पाणी सुटलं की होड्या निघतात. याच मुळशी धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. मौजेच्या पाण्यालाही इतिहास असतो.

कुठंही गेलात तरी पैसे देण्याआधी एवढं विचारा. वाटाड्याकडे परवाना आहे का? राफ्टसोबत सुरक्षेसाठी कयाकवाला असतो का? डोक्याला हेल्मेट आहे का? लाइफ जॅकेट घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, बदलून मागा. साडी, ओढणी, सुटी चप्पल नको. सलवार किंवा पँट आणि पट्ट्याची पादत्राणं हवीत. गरोदर बाई, हृदयाचा आजार किंवा फिट येणारं माणूस यांनी बसू नये. आणि घरातला एकही जण घाबरून नको म्हणत असेल तर त्याला हसून ओढू नका.

वाटाडे पाणी वाचतात. ते वाचन आपल्यालाही उपयोगी आहे, कारण धुणं धुवायला, गुरं पाजायला नदीवर आपणच जातो. वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. दगडांच्या फटीत पाय अडकला तर पाणी माणसाला पुढे ढकलून बुडवतं. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि बोटं वर ठेवा, हातांनी काठाकडे सरका. आडव्या पडलेल्या झाडापासून लांब राहा. त्याच्या फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे बंधाऱ्याचा पायथा. बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथं ते खाली जाऊन पुन्हा भिंतीकडेच फिरतं. वरून साधं दिसतं, पण पडलेल्याला ते परत परत आत ओढतं. कयाक चालवणारे तरबेज लोकही अशा जागी होडी उचलून काठानं चालत जातात. आपली मुलं मात्र पावसाळ्यात तिथंच उड्या मारतात.

२०२० साली तमिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणाजवळ चार तरुण बुडत होते. तिथल्या तीन महिलांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. त्यातले दोघे वाचले, दोघे गेले. साडी, काठी, दोर, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताला येईल ते फेकायचं. पोहता येत नसताना मागे उडी घ्यायची नाही, नाहीतर एकाचे दोन होतात.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदाच्या बैठकीत तीन गोष्टी वहीत लिहा. पहिली, बंधाऱ्याजवळ जाड दोर आणि रिकामे कॅन कायमचे ठेवायचे. खर्च थोडा आहे, ग्रामपंचायतीकडे मागा, नाहीतर गटातून करा. दुसरी, वर धरण असेल तर पाणी सोडण्याची सूचना कुणाला मिळते ते विचारायचं आणि ती बायकांपर्यंत पोचते का ते बघायचं. तिसरी, मुलग्यांबरोबर मुलींनाही उन्हाळ्यात पोहायला शिकवायचं. काठावर जाणतं माणूस हवं, कमरेला दोर किंवा पाठीला डबा बांधलेला हवा.

आपल्या बहुतेक मुलींना पाण्यापासून लांब ठेवून वाढवलं जातं, आणि मग रोज पाणी आणायला मात्र त्यांनाच पाठवलं जातं. हे आता बदलू या.