राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी



‘राजीनामा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. राजी म्हणजे कबूल आणि नामा म्हणजे लिहिलेला कागद. उर्दूत आजही राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेली तडजोड. नोकरी सोडायची तर तिथं ‘इस्तिफा’ देतात. रयतवारीच्या काळात जमीन सोडणारा शेतकरी राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत. महसुली कागदांत हे दोन शब्द जोडीनंच येतात. नोकरी बदलणाऱ्यानं ही जोडी ध्यानात ठेवावी. नवी कबुलायत हाती आल्याशिवाय जुना राजीनामा देऊ नये, आणि घरचे राजी आहेत का, हे विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. तिथं एक नोकरी गेली तर दुसरी त्याच शहरात शोधता येते. इथं नोकरी बदलणं म्हणजे बहुधा गाव बदलणं. शिवाय आपल्याकडे कितीतरी घरांत एकाचा पगार हा एकट्याचा नसतो. वडिलांची कोरडवाहू कपाशी असते. जूनमध्ये बियाण्याला पैसे लागतात, पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी येते. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं, त्या जिल्ह्यात महिन्याच्या महिन्याला येणारे दहा-बारा हजार रुपये म्हणजे घराचा आधाराचा खांब. दुकानदार उधार देतो तेही त्याच भरवशावर. तो खांब हलवायचा, तर आधी टेकू लावायला हवा.

आता हिशेब. धरून चालू, की इथं १४ हजार मिळतात आणि पुण्यात २४ हजार देतो म्हणतात. ऐकायला दहा हजारांची वाढ. पण खोलीचा वाटा पाच हजार, मेसचे साडेचार, जाण्यायेण्याचे दीड, आणि सणासुदीला गावी यायचं तर ट्रॅव्हल्सचं भाडं. वाढ तिथंच संपली. म्हणून पगाराशी पगार ताडून पाहू नका. महिनाअखेरच्या शिल्लकीशी शिल्लक ताडा. तरीही जाण्यात अर्थ असू शकतो. नवं काम शिकायला मिळत असेल आणि त्या शिकण्याला पाच वर्षांनी मोल येणार असेल, तर एक-दोन वर्षांची ओढाताण सोसावी. पण ती वाढ नव्हे, पेरणी आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं.

दुसरा हिशेब, जुन्या नोकरीत काय राहून जातं त्याचा. ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि त्यासाठी महिना सव्वीस दिवसांचा धरतात. ज्या वेतनावर ती मोजतात ते २०,००० असेल, तर पाच वर्षांचे सुमारे ५७,७०० रुपये होतात. पाच वर्षं पूर्ण व्हायला सहा-सात महिने उरले असताना घाई केली, तर एवढी रक्कम हातची जाऊ शकते. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनं ठरावीक मुदतीच्या करारावरच्या कामगारांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. म्हणून आपली नेमणूक नेमकी कोणत्या प्रकारची आहे, ते नेमणूकपत्रात वाचून घ्या.

भविष्यनिर्वाह निधीचंही तसंच. नोकरी बदलली की ते पैसे काढून मोटारसायकल घ्यायचा मोह होतो. तो आवरा. खातं नव्या नोकरीकडे वळतं केलं की मागची सेवा पुढे जोडली जाते. आणि त्या योजनेतल्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते.

तोंडी शब्दावर जाऊ नका. पत्र मागा. पगारातलं हातात किती आणि कागदावर किती, परिविक्षेचा काळ किती, सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची, हे सगळं लेखी हवं. शक्य असेल तर तिथं काम करणाऱ्या एखाद्याला गाठून, पगार वेळेवर होतो का, एवढं तरी विचारा.

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र आकड्यांचा नाही. आपण कुठं चाललो आहोत, की कुठून पळतो आहोत? साहेबाशी भांडण झालं त्या संध्याकाळी राजीनामा लिहू नये. राग ओसरल्यावरही तेच वाटत असेल, तर मग ते कारण खरं.

आणि तरीही, प्रत्येक नोकरी वही मांडून सोडायची नसते. वणीत १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे आधी अमरावतीत शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली. तो विचारपूर्वक केलेला बदल म्हणता येईल. पुढे १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. त्याहून मोठं पद त्या काळी भारतीय माणसाला क्वचितच मिळे. फेब्रुवारी १९४३ मध्ये स्थानबद्ध गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण आरंभलं आणि सरकार त्यांना सोडायला तयार होईना, तेव्हा अणे आणि त्यांचे दोन सहकारी मंडळातून बाहेर पडले. तिथं शिलकीचा हिशेब चालत नाही.

आपली पदं लहान असतात, पण प्रसंग तसाच येतो. खोट्या बिलावर सही कर म्हणतात, मजुरांच्या हजेरीत फेरफार कर म्हणतात. अशा ठिकाणी फक्त एवढंच पाहायचं, की घराला किती महिने निभावता येईल. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तर माणसाला ‘नाही’ म्हणता येतं. म्हणून नोकरी बदलायची असो वा नसो, ते तीन महिने आजपासून साठवायला लागा. थोडे थोडे का होईना.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)