दवाखाना बाजारात, हक्क वस्तीवर
(शिरूर-दौंड भागातल्या बैठकीत केलेलं भाषण)



आपलं माणूस आजारी पडलं की आधी बाजारातल्या खाजगी दवाखान्यात जातं. का? तो संध्याकाळी उघडा असतो. वीटभट्टीवर, उसात राबणाऱ्याला सकाळी सरकारी केंद्रात जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तापाला, जखमेला तो दवाखाना कामी येतो, हे खरं. पण गरोदर बाईची तपासणी, पोरांच्या लशी, क्षयाची महिनोन्‌महिने चालणारी औषधं, यासाठी तो वस्तीवर येत नाही.

सरकारी नियम काय आहे? आदिवासी-डोंगरी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, सपाटीवर 30,000 मागे. उपकेंद्र 3,000 आणि 5,000 मागे. शिरूर-दौंडच्या माळावर राहणारे आपले भिल्ल, ठाकर, पारधी सपाटीच्या हिशोबात जातात. गरिबी तीच, हक्क मात्र कमी.

शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुकला, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी गावच्या बायांनाच आरोग्याचं शिक्षण देऊन कामाला लावलं. 1993 ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे आपल्या बाया हे करू शकतात.

तेव्हा ग्रामसभेत तीन ठराव घ्या: सरकारी केंद्र आठवड्यातून दोनदा तरी संध्याकाळी उघडं हवं, नर्सबाई ठरल्या दिवशी वस्तीवर यावी, आरोग्यसेविका वस्तीनेच निवडावी. ठरावाची नक्कल मागून घ्या. जमिनीचा कागद जपतो, तसा हाही जपा.

जिंदाबाद!