लिओ वराडकर ‘आपला’, मग शेजारच्या चाळीतला कुणाचा?

पहाटेची डहाणू लोकल पकडून हे ऐकणाऱ्यांना आज जरा खास नमस्कार, कारण आजचा विषय तुमच्याशीच जोडलेला आहे. २०१७ मध्ये आयर्लंडमधला एक नेता म्हणत होता, की माझा पक्ष सकाळी लवकर उठणाऱ्यांचा आहे. त्याचं आडनाव वराडकर.

बोईसरमध्ये मालवणी घरं काही कमी नाहीत, त्यामुळे वराड हे मालवण तालुक्यातलं गाव अनेकांना माहीत असेल. तिथले अशोक वराडकर डॉक्टर झाले आणि १९६०च्या दशकात इंग्लंडला गेले. तिथे त्यांना आयरिश नर्स मिरियम भेटल्या. लग्न झालं, पुढे ते आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. १९७९ मध्ये डब्लिनला लिओचा जन्म झाला. तेही डॉक्टरच झाले, पण ओढा राजकारणाकडे.

त्यांचा पक्ष फिन गेल. मध्यापासून उजवीकडे झुकलेला, उद्योगधंद्यांच्या बाजूचा. २००४ मध्ये लिओ स्थानिक कौन्सिलवर निवडून आले, २००७ मध्ये खासदार झाले आणि २०११ पासून मंत्री. जून २०१७ मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, पंतप्रधान. म्हणजे सरकारचे प्रमुख हां. राष्ट्राध्यक्ष तिकडे वेगळा असतो. गंमत म्हणजे पक्षाध्यक्षाच्या निवडणुकीत साध्या सदस्यांची जास्त मतं प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनी यांना होती. वराडकर जिंकले ते खासदारांच्या जोरावर.

आपल्याकडे तेव्हा ‘मराठी माणूस पंतप्रधान’ असे मेसेज फिरले. आनंद होणारच! पण त्यांचं राजकारण काय, हे किती जणांनी वाचलं? समाजकल्याण खात्याचे मंत्री असताना त्यांनी सरकारी भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिरात मोहीम काढली. गरिबांवर संशय घेताय, अशी टीका झाली. दुसरीकडे, २०१५ मध्ये मंत्रिपदावर असताना त्यांनी रेडिओवर सांगितलं, की मी समलिंगी आहे. आधी गर्भपाताच्या विरोधात असलेल्या याच नेत्याच्या सरकारने २०१८ मध्ये सार्वमत घेऊन तिथली गर्भपातबंदी उठवली. घरांच्या प्रश्नाने मात्र त्यांना दमवलं. डब्लिनमध्ये मोठमोठ्या टेक कंपन्या आल्या, भाडी आभाळाला भिडली, आणि २०२०च्या निवडणुकीत पक्ष तिसऱ्या नंबरवर गेला. आघाडीत राहून डिसेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला.

आता मला खटकणारी गोष्ट. ११ जून २००४ ला, ज्या दिवशी लिओ कौन्सिलवर निवडून आले, त्याच दिवशी आयर्लंडमध्ये सार्वमत होतं: तिथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप नागरिकत्व द्यायचं का? लोकांनी मोठ्या बहुमताने ‘नको’ सांगितलं. लिओंची आई आयरिश, त्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता. पण दारातून एक जण आत आला, तेव्हाच दुसऱ्यांसाठी दार थोडं लोटलं गेलं. २०२३ मध्ये ते पंतप्रधान असतानाच डब्लिनमध्ये स्थलांतरितांविरुद्ध दंगल पेटली. म्हणजे तिकडे काही रामराज्य नाही. तरीही, बाहेरून आलेल्या डॉक्टरचा मुलगा देश चालवू शकतो, हे तिथे घडलं.

मग आपलं काय? तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करणारे कुठून कुठून आलेत! उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा. त्यांची मुलं बोईसरला जन्मली, इथल्या शाळेत मराठी शिकली. आपण त्यांना काय म्हणतो? ‘बाहेरचे’. विधानसभेची बोईसरची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे आणि ती असायलाच हवी. ही जमीन मुळात वारली आणि इतर आदिवासींची. त्या हिशेबाने आपण मालवणी, घाटावरचे, सगळेच इथे पाहुणे. मुद्दा आमदारकीचा नाहीच. मुद्दा ‘आपला’ कुणाला म्हणायचं, हा आहे.

डब्लिनमध्ये जन्मलेला माणूस बापाच्या गावामुळे आपला होतो. मग बोईसरमध्ये जन्मलेला पोरगा बापाच्या गावामुळे परका कसा? दोन्हीकडे आपणच जिंकणार, असा हिशेब चालत नाही, मंडळी.

वराडकरांचा अभिमान जरूर बाळगा. फक्त तोच नियम शेजारच्या चाळीलाही लावून बघा. पटलं तर कळवा, नाही पटलं तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!