गाजावाजा आणि बांधणी



 विकेंद्रित ब्लॉकचेनचा समुदाय वाढवायचा तर पैसा प्रसिद्धीवर घालायचा की विकासावर, हा आपल्या सगळ्यांनाच छळणारा प्रश्न. त्यावर मला जे वाटतं ते आज या परिषदेचा अध्यक्ष म्हणून स्पष्टपणे मांडतो.

२०२४ च्या पहिल्या सहामाहीत पोल्काडॉट या ब्लॉकचेनच्या सामुदायिक तिजोरीतून सुमारे ८ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले. त्यातले जवळपास ३ कोटी ७० लाख प्रसार-प्रसिद्धीवर गेले, विकासावर सुमारे २ कोटी ३० लाख. आकडे बाहेर येताच जगभरातून टीका झाली. टीकाकारांनी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्या होत्या. हा हिशेब समुदायातल्याच लोकांनी मांडून सर्वांपुढे ठेवला होता. शिवाय पोल्काडॉटची उभारणी करणाऱ्या पॅरिटी आणि वेब३ फाउंडेशन या संस्था विकासावर जो खर्च करतात, तो या तिजोरीबाहेरचा होता. एवढं मान्य करूनही मला प्रश्न पडतो, की खुल्या मतदानातून असाच कौल का निघाला?

जून २०२३ पासून तिथे ओपनगव्ह ही पद्धत आहे. कुणीही प्रस्ताव मांडावा, टोकनधारकांनी मत द्यावं. ज्याच्याकडे टोकन जास्त आणि जो ते जास्त काळ अडकवून ठेवायला तयार, त्याच्या मताला वजन अधिक. टोकनधारकाला भाव वाढावा असं वाटणारच, त्यात गैर काही नाही. पण जाहिरातीपोटी फुटबॉलपटूच्या अंगावर झळकणारं आपल्या साखळीचं चिन्ह टोकनधारकाला लगेच दिसतं. मेमरीतली गळती शोधणारी, जुन्या आवृत्तीशी सुसंगतता राखणारी, सुरक्षेची तपासणी करणारी मुलगी दिसत नाही. तिचं काम उत्तम झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याला मत मिळवणं फार कठीण. विकेंद्रित तिजोरी दिखाऊ खर्चाकडे कलते त्याचं मूळ माझ्या मते इथे आहे.

म्हणून प्रसिद्धी बंदच करा, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. लोकांशी संवाद राखण्याचं मोल एका जुन्या प्रसंगात दिसलं. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनची साखळी दुभंगली होती. सॉफ्टवेअरच्या ०.८ आवृत्तीनं स्वीकारलेला एक मोठा ब्लॉक आधीच्या आवृत्त्यांनी नाकारला, कारण त्यांच्या डेटाबेसमधल्या कुलुपांची (लॉकची) मर्यादा ओलांडली गेली. दोन साखळ्या समांतर धावू लागल्या. तेव्हा विकसकांनी काय केलं? मोठ्या मायनिंग पूलना गाठलं, परिस्थिती समजावली आणि ०.७ वर परत जायला राजी केलं. पूलनी आपल्या कमाईवर पाणी सोडलं आणि काही तासांत साखळी पुन्हा एक झाली. हुकूम देण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. विश्वास आधीपासून कमावलेला होता, म्हणून शब्द चालला.

कंपनी आपल्या सर्व्हरवर रातोरात नवी आवृत्ती चढवू शकते. आपल्याकडे प्रत्येक नोडचालकाला ती पटावी लागते. इथेरियमनं १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंग सोडलं, त्याआधी रॉप्स्टेन, सेपोलिया, गोर्ली या चाचणीजाळ्यांवर रंगीत तालमी झाल्या. ३२ इथर गुंतवू पाहणाऱ्याला धोके वाचून ते एकेक करून मान्य करायला लावले. वेगवेगळ्या क्लायंट चमूंच्या बैठका खुल्या होत्या. हे सगळं प्रसाराचं काम होतं, आणि त्याच्याशिवाय तो विकास तडीस गेलाच नसता. विजेचा वापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला, तेव्हा बातमी आपसूक जगभर गेली.

तेव्हा प्रसाराचे दोन प्रकार मी वेगळे धरतो. एक प्रेक्षक आणतो, दुसरा जाळं चालवणाऱ्यांना बांधून ठेवतो. दस्तऐवज, प्रशिक्षण, भाषांतर, नवख्याच्या अडचणी विकसकापर्यंत पोहोचवणं हा दुसरा प्रकार. त्याला विकासाच्याच रकान्यात पैसे मिळायला हवेत.

पहिला प्रकार एकटाच आला तर काय होतं, हे महाराष्ट्रानं भोगलं आहे. गेनबिटकॉइन या योजनेनं दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचं आमिष दाखवलं. २०१८ मध्ये मुख्य आरोपीला पुणे पोलिसांनी अटक केली. तोवर असंख्य घरांत बिटकॉइन हा शब्द आधी एजंटाच्या तोंडून पोहोचला होता. खासगी चावी म्हणजे काय, ती कुणालाही का द्यायची नाही, हे त्या माणसांना त्यांच्या भाषेत कुणी आधी सांगितलं असतं तर कितीजण वाचले असते! इथेरियमच्या संकेतस्थळावर मराठी मजकूर आहे, तो स्वयंसेवकांच्या कष्टांमुळे. अशा कष्टांना मानधन नसावं, याचं मला दुःख होतं.

मानधनाचा विचार करताना, झालेल्या कामाचा मोबदला मागाहून देण्याची ऑप्टिमिझम या ब्लॉकचेन जाळ्याची पद्धत मला आश्वासक वाटते. पुढे काय उपयोगी पडेल यापेक्षा काय उपयोगी पडलं यावर एकमत लवकर होतं, हा तिचा आधार. अशा वाटपाच्या तिसऱ्या फेरीत ३ कोटी ओपी टोकन वाटले गेले. मात्र ती लोकप्रियतेची स्पर्धा झाली, अशी तक्रारही आली, आणि चौथ्या फेरीत मतदारांना प्रकल्पांऐवजी मोजमापांवर मत द्यायला सांगितलं गेलं. अशी दुरुस्ती करण्याची तयारी मला फार मोलाची वाटते.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव मी आपल्यापुढे ठेवणार आहे. आपल्यापैकी जे कुठल्याही साखळीच्या तिजोरीवर मत देतात, त्यांनी प्रसिद्धीच्या प्रत्येक प्रस्तावाला तीन प्रश्न विचारावेत. ज्या सुविधेची जाहिरात करायची ती आज चालू आहे का? मोहिमेनंतर सहा महिन्यांनी किती नवे विकसक आणि नोडचालक टिकले, हे कोण मोजणार आणि कुठे जाहीर करणार? रक्कम टप्प्याटप्प्यानं, आधीच्या टप्प्याचा हिशेब पाहून मिळणार का? ठरावाचा दुसरा भाग मराठीपुरता आहे: वॉलेटची सुरक्षा, चावीची जपणूक आणि फसव्या योजनांची ओळख यांवर मोफत मराठी पुस्तिका तयार करावी, लेखकांना आणि तपासनिसांना मानधन द्यावं. मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या आज रात्रीपर्यंत लेखी द्याव्यात, ही विनंती.