सोलापूरची चिनी सून



ज्या गावच्या कुंकवाने दूरदूरच्या देवघरांतले करंडे भरले जातात, त्या केम गावी, उत्तरेश्वराच्या सान्निध्यात, ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या एका परिचारिकेचे स्मरण करणे कित्येकांस औचित्याला सोडून वाटेल. परंतु तिची हकीकत आपल्याच जिल्ह्यातील एका घराशी निगडित आहे, आणि ती सांगण्यास कुंकवाच्या गावाइतके योग्य स्थळ मला दुसरे दिसत नाही.

डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९१० साली सोलापुरात जन्म, मुंबईत वैद्यकीचे शिक्षण, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या साहाय्यार्थ १९३८ साली राष्ट्रसभेने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात प्रयाण, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी परभूमीत देहावसान. त्यांच्या सहधर्मचारिणीला मात्र आपण बहुधा एका वाक्यात निरोप देतो, आणि माझी तक्रार नेमकी त्या वाक्याविषयी आहे.

गुओ किंगलान ही परिचारिका होती, आणि इतरांना शुश्रूषेचे शिक्षण देणारी शिक्षिकाही होती. कॅनडाहून येऊन चिनी सैनिकांची सेवा करता करता मृत्यू पावलेल्या डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांच्या समाधीच्या उद्घाटनप्रसंगी तिची आणि कोटणिसांची प्रथम भेट झाली, आणि १९४१ साली ती दोघे विवाहबद्ध झाली. युद्धभूमीवरील शल्यविशारदाची कीर्ती दिगंत होते, आणि ती यथार्थही असते. तथापि त्याची सुरी घटका-दोन घटकांत आपले काम आटोपते, आणि त्यानंतर औषधांचा तुटवडा, बिछान्यांची वानवा आणि आज येथे तर उद्या तेथे असा रुग्णालयाचा मुक्काम, अशा स्थितीत जखमा धुणे, पट्ट्या बदलणे, ज्वर पाहणे आणि घाबरलेल्या पोराला रात्रभर धीर देणे, हे जे परिचारिकेचे काम आठवडेच्या आठवडे चालते, त्याची नोंद सहसा कोणत्याच दप्तरात सापडत नाही.

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली कोटणिसांवर चित्रपट काढला, स्वतः नायक झाले आणि जयश्रीबाईंनी या चिनी पत्नीची भूमिका वठविली. नायक गेल्यावर कथेला फारसे काम उरत नाही, हा नाट्याचा दंडकच आहे; प्रत्यक्षात मात्र तिच्यापुढे अजून जवळजवळ सत्तर वर्षे पडलेली होती. पती निवर्तला तेव्हा कुशीत अवघ्या काही महिन्यांचा मुलगा यिनहुआ होता. तो वाढला, बापाच्याच वाटेने वैद्यकी शिकू लागला, आणि १९६७ साली तोही गेला. हुतात्मा होणे थोर खरेच. पण त्याच्यामागे राहून जगणे अधिक बिकट, असे माझे मत आहे.

यथावकाश तिने पुनर्विवाह केला, तिला मुले झाली. आपल्याकडील जुन्या रिवाजानुसार येथेच पहिल्या सासरचा संबंध संपुष्टात यावयास हवा होता. परंतु हिमालयापलीकडच्या या सुनेने कोटणिसांच्या घरचे नाते तोडले नाही, आणि त्या घरानेही तिला परके लेखले नाही! ती अनेकदा हिंदुस्थानात आली, मुंबईत सासरच्या मंडळींना भेटली. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, सरकारदरबारी अबोला धरला गेला, तरी हा जिव्हाळा आटला नाही. २००६ साली चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ हिंदुस्थानात आले, तेव्हा नव्वदीच्या घरातली ही वृद्धा त्यांच्यासमवेत होती. २०१२ साली तिचे निधन झाले. ज्या भाषेत ती वाढली नव्हती, त्या भाषेतल्या माणसांचे घर तिने आपले मानले.

तिच्या वैधव्यावरून आठवते: पती गेला म्हणून कपाळ पुसण्याची सक्ती नको, असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली केला. कुंकू तयार करणाऱ्या गावाने त्या ठरावाचा विचार आपल्या चावडीवर अवश्य करावा, एवढे सुचवून मी येथील शाळेच्या चालकांना दुसरी विनंती करतो. या शाळेतून परिचारिकेच्या शिक्षणाला जाणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या, किंवा विद्यार्थ्याच्याही, पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च दरवर्षी मी सोसावा अशी माझी इच्छा आहे. त्याची तजवीज आजच व्हावी, आणि त्या पारितोषिकाला माझे नव्हे, गुओ किंगलान कोटणीस यांचे नाव द्यावे.